सत्तेचाळिसावं पान

मोजणीदाराचा जगात सगळ्यात जास्त राग कसरीवर होता आणि तिच्या खालोखाल जावयावर. कसर निदान भूक लागते म्हणून पुस्तक खाते, असं तो म्हणायचा, जावई तर विकून खातो. हे तो मागे नाही, जावयाच्या तोंडावर म्हणायचा, तेही समोर ताट वाढलेलं असताना. जावई खाली मान घालून जेवत राहायचा. त्या गप्प बसण्याचाही मोजणीदाराला राग यायचा, कारण उलटून बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

जावयाचा धंदा जुन्या छापील पुस्तकांचा आणि मोजणीदाराचा छंदही तोच. एक जमवणारा, एक विकणारा, म्हणजे खरं तर दोघांचं गूळपीठ जमायला हवं होतं. जमलं ते विळ्याभोपळ्याचं सख्य. मोजणीदाराच्या मते पुस्तकं विकणारी माणसं दोनच प्रकारची असतात. पहिला प्रकार पुस्तक फोडून त्यातली चित्रं सुटी विकतो आणि दुसरा प्रकार अजून पकडला गेलेला नसतो. लेकीने या दुसऱ्या प्रकारातला एक निवडून आणला त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षं मोजणीदार तो पहिल्या प्रकारात कधी जातो याची वाट पाहत होता. जावई हा दहावा ग्रह म्हणतात ते काही उगीच नाही, असं तो शेजाऱ्यांना ऐकवायचा. शेजाऱ्यांना जावई आवडायचा, पण मोजणीदाराशी वाद घालायला कुणाला वेळ होता!

चौतीस वर्षं त्याने सरकारी खात्यात जमिनी मोजल्या होत्या. कचेरीत त्याच्या माघारी त्याला 'दशांश' म्हणायचे. उत्तर पूर्णांकात आलं की या माणसाला झोप यायची नाही, कुठेतरी काहीतरी सुटलं असणार असं वाटायचं, म्हणून ते नाव. भावाभावांच्या बांधावर उभं राहून त्याने इतकी भांडणं पाहिली होती, की माणूस संधी मिळाली की हद्द सरकवतो यावर त्याचा ठाम विश्वास बसला होता. स्वतःला तो या नियमातून वगळायचा. आपण सगळेच वगळतो म्हणा.

त्याचा संग्रह त्रेसष्ट पुस्तकांचा. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी, छापखाना ही नवी नवलाई होती तेव्हा छापलेली गणिताची पुस्तकं: अंकगणितं, भूमित्या, व्यापाऱ्यांसाठीची कोष्टकं, सावलीवरून उंची काढायच्या रीती. त्यातल्या निम्म्या पुस्तकांची भाषा त्याला वाचता येत नव्हती. त्याने काही अडत नाही, आकृत्या वाचता येतात, असं तो म्हणायचा. घराच्या मागच्या बाजूची, उत्तरेकडच्या खिडकीची खोली त्यांना दिलेली होती. खिडकीला जाड पडदा, भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारं यंत्र, दाराबाहेर हात धुवायचं भांडं आणि दोन टॉवेल. आत जाणाऱ्याने हात धुवायचे, पहिल्या टॉवेलला पुसायचे, मग दुसऱ्याला पुसायचे. आत चहा नाही, पाणी नाही, शाई नाही, लिहायचंच असेल तर शिसपेन्सिल. त्याच्या बायकोला त्या खोलीत फक्त झाडायला परवानगी होती. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या दिवसांत तिने घरातल्या प्रत्येक कपाटाबद्दल, कुंडीबद्दल काही ना काही सांगितलं, पण त्या खोलीबद्दल अवाक्षर काढलं नाही. काय समजायचं ते मोजणीदाराने समजून घ्यायला हवं होतं.

आता त्याची काम करायची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. पुस्तक विकत घेतलं की पहिल्याच आठवड्यात तो त्याचं पत्रक करायचा. पानागणिक एक ओळ: कुठे डाग, कुठे चीर, आणि कसरीची भोकं किती, वरच्या कडेपासून किती मिलिमीटरवर, बाहेरच्या कडेपासून किती. जमिनीला हद्दीचे दगड तशी पुस्तकाला ही भोकं. किडा एका पानात शिरला की सरळ आरपार पुढच्या पानांत जातो. शेहेचाळिसाव्या पानावर भोक आहे आणि अठ्ठेचाळिसाव्यावर त्याच जागी आहे, तर मधल्या पानावर ते असायलाच हवं. नसेल तर ते पान परकं, दुसऱ्या प्रतीतून आणून घुसडलेलं. किडा लाच घेत नाही, हे मोजणीदाराचं आवडतं वाक्य होतं.

त्रेसष्टांतलं त्याचं काळीज म्हणजे जमीनमोजणीची एक भूमिती. एकशेबारा पानं, सगळी मूळची. बत्तीस वर्षांपूर्वी, आठ वर्षं पोटाला चिमटा घेऊन (स्वतःच्या थोडा आणि बायकोच्या जास्त) त्याने ती घेतली होती. तिला तो 'मोठी' म्हणायचा. याच पुस्तकाची एक मोडकी प्रतही त्याच्याकडे पूर्वीपासून होती, पुठ्ठे गेलेली, बरीच पानं गहाळ झालेली. ती 'फुटकी'. फुटकी त्याने पुढे विकून टाकली, पण तिचं पत्रक जपून ठेवलं. पत्रकं तो कधीच टाकत नसे.

या फुटकीचा एक किस्सा तो येणाऱ्याजाणाऱ्याला हमखास सांगायचा. लेक सहा वर्षांची असताना एकदा दार उघडं राहिलं, पोरगी आत शिरली आणि तिने फुटकीच्या एका पानावर लाल पेन्सिलीने चित्र काढलं. मग मोजणीदाराने काय करावं? ते पान तिच्या अभ्यासाच्या टेबलासमोर, नजरेच्या रेषेत, चार टाचण्यांनी टाचलं आणि वर्षभर तिथे ठेवलं. "तेव्हापासून पोरीने पुस्तकावर रेघ ओढलेली नाही," असं म्हणून तो हसायचा. पाहुणेही हसायचे. लेक तिथे असली तर उठून स्वयंपाकघरात जायची.

तर झालं असं, की विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हा सगळा संग्रह घ्यायचं कबूल केलं. स्वतंत्र खोली, दारावर मोजणीदाराच्या नावाची पाटी. अट एकच होती. मोठी ही संग्रहातली मुख्य वस्तू, तेव्हा ती पूर्ण आणि मूळची असल्याचा दाखला हवा. त्यासाठी ग्रंथालयाकडून जुना कागद तपासणाऱ्या एक बाई येणार होत्या. त्या पाटीसाठी मोजणीदार अक्षरशः जगत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींवर दुसऱ्यांची नावं चढवली, आता कुठे एका दारावर आपलं नाव लागणार होतं. बाई यायच्या महिनाभर आधी त्याने जुनी पत्रकं काढली आणि एकेक पुस्तक त्यांच्याशी पडताळायला घेतलं.

मोठीच्या शेहेचाळिसाव्या पानावर तीन भोकं होती. अठ्ठेचाळिसाव्यावर तीन. सत्तेचाळिसावं पान मात्र नितळ, एकही भोक नाही. बत्तीस वर्षांपूर्वीच्या पत्रकात त्याच्याच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: 'पंचेचाळीस ते बावन्न, तीन भोकं, अखंड.'

खरं सांगायचं तर आधी त्याने ते पान तीनदा उजेडात धरून पाहिलं आणि मग त्याला आनंद झाला. हे त्याने कुणाजवळ कबूल केलं नसतं, पण झाला. कारण मोठी या घरातून एकदाच बाहेर गेली होती. गेल्या वर्षी पाठीचं चामडं सुटायला लागलं तेव्हा बाहेरच्या कारागिराकडे कशाला द्यायचं म्हणून ती जावयाने नेली होती आणि तीन आठवड्यांनी दुरुस्त करून परत आणून दिली होती, फुकटात. फुकटाचं काम महागात पडतं हे मोजणीदाराला ठाऊक होतं, तरी त्याने दिली. आता अकरा वर्षांचा संशय एका पानावर येऊन बसला. मूळ पान काढून कुणा गिऱ्हाइकाची अपुरी प्रत पुरी करून दिली असणार आणि इथे कुठलं तरी भटकं पान चिकटवून दिलं असणार. गणित सुटलं होतं.

त्याने जावयाला विचारलं नाही. चोराला विचारून चोरी शोधत नाहीत, असं त्याचं म्हणणं. त्याने जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाला चार पानी पत्र लिहिलं, सोबत पत्रकाची नक्कल जोडली आणि ते स्वतः जाऊन टपालात टाकलं.

त्या धंद्यात माणसाकडे नाव सोडलं तर दुसरं भांडवल नसतं. आठ दिवसांत मंडळाने जावयाला वार्षिक विक्रीमेळ्यातून बाहेर ठेवलं. पंधराव्या दिवशी दोन जुनी गिऱ्हाइकं विक्रीला ठेवलेली आपली पुस्तकं काही न बोलता परत घेऊन गेली. ग्रंथालयाच्या बाई येतीलच, त्यांचं मत पाहू आणि मग नाव कायमचं काढायचं की नाही ते ठरवू, असं मंडळाने कळवलं. वीस वर्षांचं दुकान एका पानावर लटकत होतं.

लेकीचा फोन आला तेव्हा मोजणीदार तयारच होता. ती नकाशे काढण्याच्या कचेरीत काम करायची आणि बापासारखीच मोजकं बोलायची.

"एकदा विचारायचं तरी होतं, बाबा."

"विचारायचं काय त्यात? पुरावा आहे माझ्याकडे. तुला दुखणार हे माहीत आहे मला, पण डोळे उघड."

"कोणतं पान?"

"सत्तेचाळीस."

पलीकडे इतका वेळ शांतता होती, की फोन कट झाला असं त्याला वाटलं.

"बाई कधी येणार आहेत?" तिने विचारलं.

त्याने वार सांगितला. आम्ही दोघं येतो, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. त्या शांततेचा अर्थ मोजणीदाराने आपल्याला हवा तसा लावला. पोरगी हादरली, बरं झालं, उशिरा का होईना अक्कल आली.

बाई दुपारी आल्या. साठीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी न सांगता हात धुतले आणि दोन्ही टॉवेल वापरले, त्यामुळे मोजणीदाराला त्या आवडल्या. लेक आणि जावई भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्यासाठी खुर्च्या होत्या, पण मोजणीदाराने त्यांना बसा म्हटलं नाही. लेकीच्या खांद्याला कचेरीत नेते ती नकाशांची मोठी पिशवी होती.

बाईंनी मोठी उघडली, सत्तेचाळिसाव्या पानाखाली पातळ दिवा सरकवला आणि बराच वेळ पाहिलं. मग आधीचं पान पाहिलं, मग नंतरचं. मोजणीदार त्यांच्या खांद्यामागून भोकांचे आकडे पुटपुटत होता.

"परकं आहे," बाई म्हणाल्या. "छपाई तीच, पण प्रत दुसरी."

मोजणीदाराने जावयाकडे पाहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच तो जावयाकडे बघून हसला. "ऐकलंत ना, जावईबापू? किडा लाच घेत नाही."

मग मोजणीदाराने छोटंसं भाषणच केलं. विश्वास म्हणजे काय, घरच्या माणसाने हद्द सरकवली की काय होतं, आणि या खोलीत आपण स्वतः बत्तीस वर्षं श्वासही जपून कसा घेतला. ते भाषण त्याने बहुधा आदल्या दिवशी पाठ केलं होतं.

बाई पानाच्या बुडाशी भिंग धरून बसल्या होत्या. भाषण संपल्यावर त्या म्हणाल्या, "एक गोष्ट जमत नाही. मूळ पान कापून त्याच्या उरलेल्या पट्टीवर हे चिकटवलंय, पण ही खळ जुनी आहे. पिवळी पडून तडकलीय. वर्षभरात खळ अशी होत नाही."

"या लोकांना खळ जुनी करता येते," मोजणीदार म्हणाला. "चहाचं पाणी घातलं की झालं."

तेव्हा लेक भिंतीपासून पुढे आली. तिने पिशवी जमिनीवर ठेवली, दारापर्यंत जाऊन हात धुतले, एका टॉवेलला पुसले, दुसऱ्याला पुसले. परत येऊन पिशवीतून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलेलं एक पान काढलं आणि बाईंपुढे ठेवलं.

पानाच्या चार कोपऱ्यांना टाचण्यांची चार गंजकी भोकं होती. मधोमध एक बुरूज छापलेला, त्याच्याशेजारी हातात काठी उभी धरलेला एक माणूस आणि जमिनीवर दोघांच्या सावल्या. काठीची सावली मोजा आणि बुरुजाची उंची काढा, अशी ती रीत. त्या माणसाचा दुसरा हात धरून एक मुलगी उभी होती. ती छापलेली नव्हती, लाल पेन्सिलीने काढलेली होती.

"हे ते फुटकीचं पान," मोजणीदार चटकन म्हणाला. "हे कशाला आणलंस इथे? हे वेगळं आहे. माझ्या मोडक्या प्रतीचं पान रंगवलं होतं हिने, बाई. सगळ्यांना माहीत आहे."

बाईंनी ते पान उचललं, शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मध्ये, परक्या पानावर अलगद ठेवलं आणि कडा जुळवल्या. मग परकं पान बाजूला धरून खाली दिवा सरकवला. शेहेचाळिसाव्या पानाच्या भोकांतून निघालेले प्रकाशाचे तीन ठिपके या पानाच्याही तीन भोकांतून वर आले. एकही ठिपका केसभरसुद्धा सरकलेला नव्हता.

"हे केव्हा काढलं?" बाईंनी विचारलं.

"मी सहा वर्षांची होते," लेक म्हणाली.

"फुटकीलाही कसर असेल त्याच जागी," मोजणीदार म्हणाला. आपण काय बोलतोय हे बोलता बोलताच त्याला कळत होतं. दोन वेगळ्या पुस्तकांतले दोन किडे मिलिमीटरला मिलिमीटर सारखे चालत नाहीत, हे त्यानेच आयुष्यभर लोकांना शिकवलं होतं.

"फुटकीचं पत्रक आहे ना तुमच्याकडे?" लेकीने विचारलं. "तुम्ही टाकत नाही पत्रकं."

त्याने ते काढलं. न काढून सांगतो कुणाला! पिवळ्या कागदावर त्याचंच अक्षर होतं: 'सत्तेचाळीस, कसर नाही, डाग नाही, स्वच्छ.' आणि त्याच ओळीच्या शेवटी, मोठी घेतल्याच्या पुढच्या वर्षीच्या तारखेने, बारीक खूण: 'काढलं.'

ती खूण त्याने एवढ्या वर्षांत दहा वेळा तरी पाहिली असेल. फुटकीत सत्तेचाळिसावं पान नाही, आणि एक रंगवलेलं सत्तेचाळिसावं पान घरात टाचलेलं होतं, तेव्हा रंगवलेलं ते फुटकीचं. उत्तर पूर्णांकात आलं होतं आणि या एकाच वेळी त्याला शंका आली नव्हती. आता त्याला बांधणीवाल्याच्या दुकानातला खळीचा आंबूस वास आठवला, आणि तो म्हातारा कारागीरही आठवला. म्हातारा म्हणाला होता, साहेब, राहू द्या, मूळ पान ते मूळ पान, लेकराचं चित्र आहे. त्यावर आपण काय म्हणालो तेही आठवलं. मोठीत डाग चालणार नाही, असं म्हणालो होतो. फुटकीचं स्वच्छ पान मोठीत गेलं आणि मोठीचं पान पोरीच्या टेबलासमोर गेलं. मग वर्षा-दोन वर्षांत त्याच्या मनात मोठी पुन्हा अस्पर्श झाली, कारण तिला तसं असणं भाग होतं. मारणारा विसरतो, मार खाणारा विसरत नाही, हे काही नवीन नाही. मोजणीदाराला मात्र ते नवीन होतं.

इतकं होऊनही त्याची खुमखुमी जिरली नव्हती. माणूस बुडताना समोरच्याचाच पाय धरतो. तो जावयाकडे वळला.

"आणि तुझ्या लक्षात नाही आलं? तीन आठवडे पुस्तक तुझ्याकडे होतं. मोठा व्यापारी ना तू?"

"आलं होतं," जावई म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"हिने सांगितलं, बोलू नकोस. मोठी अस्पर्श आहे असं बाबांना वाटतं, ते वाटू दे. आता या वयात त्यांना कशाला दुखवायचं, असं म्हणाली."

बाई चष्मा पुसत होत्या. पानाखाली दिवा तसाच जळत होता आणि मोजणीदाराची नजर, दुसरीकडे कुठे बघायची सोय नसल्यामुळे, त्या लाल मुलीवर गेली. तिलाही सावली होती. ती त्याने कधी पाहिली नव्हती. वर्षभर ते पान त्याने तिच्यासमोर टाचलं, पण स्वतः त्याच्याकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षांची सवय, त्याने खिशातून बारीक पट्टी काढली. छापलेली काठी चोवीस मिलिमीटर, तिची सावली छत्तीस. मुलगी चौदा, तिची सावली एकवीस. दोन्हीकडे दीडपट. मुलीची सावली तिरपी, बुरुजाच्या सावलीला समांतर. सहा वर्षांच्या पोरीने, वाचता न येणाऱ्या भाषेतलं पुस्तक बघून, रीत बरोबर पकडली होती. त्याने पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. लेक त्याच्या हातातल्या पट्टीकडे बघत होती.

"तेव्हा मोजायचं होतं," ती म्हणाली.

बाईंनी घसा साफ केला. त्यांना दाखला लिहायचा होता. मोठी मूळची नाही, असं लिहावं लागेल, त्या म्हणाल्या. मग पाटीचं काय ते ग्रंथालय पुन्हा ठरवेल. हे मूळ पान पुस्तकासोबत आलं तर मात्र गोष्ट वेगळी, चित्रासकट आलं तरी चालेल, उलट तशी नोंद करता येईल. आणि त्यांनी लेकीकडे पाहिलं.

मोजणीदारानेही पाहिलं. त्याने हात पुढे केला. तो हात लेकीकडे गेला नाही, पानाकडे गेला.

"पुस्तकाचं पान आहे ते," तो म्हणाला.

"दिलं तर कुठे लावाल?" तिने विचारलं. "पुस्तकात की टेबलासमोर?"

त्याचा हात तसाच राहिला. तिने पान उचललं, बाईंना विचारून एकदा नीट सपाट केलं आणि आपल्या हातात ठेवलं.

"मंडळाला पत्र हवंय," जावई म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण मान खाली नव्हती. "आत्ता. मी थांबतो."

मोजणीदाराने टेबलावरची शिसपेन्सिल घेतली.

"शाईने," जावई म्हणाला.

शाईसाठी त्याला स्वतःच्याच खोलीबाहेर जावं लागलं. जेवणाच्या टेबलावर बसून त्याने लिहिलं, आणि जावई समोर उभा राहून एकेक ओळ वाचत होता. पहिल्या कागदावर मोजणीदाराने 'गैरसमजातून' असं लिहिलं होतं. जावयाने तो कागद परत केला. दुसऱ्यावर 'पान बदललं गेलं होतं' असं होतं. तोही परत आला. तिसऱ्या कागदावर एकच वाक्य उरलं: ते पान एकतीस वर्षांपूर्वी मी स्वतः बदललं, माझ्या जावयाचा त्याच्याशी काही संबंध नाही. जावयाने घडी घातली, खिशात ठेवली आणि नमस्कार न करता तो जिना उतरला. बाईही गेल्या, जाताना दाखल्याची प्रत टेबलावर ठेवून.

लेक मागे राहिली होती. मागच्या खोलीतून ती पिशवी घेऊन आली. पान तिच्या हातातच होतं. पुठ्ठे बहुधा आत टेबलावरच राहिले होते. दाराशी ती चपला घालायला वाकली तसं ते पान हवेने हललं, आणि मोजणीदार खुर्चीतून उठला. त्याच्या मनात बरंच काही होतं. दीडपट होतं, बायकोचं न बोलणं होतं, म्हातारा बांधणीवाला होता. तोंड उघडलं तेव्हा जे बाहेर आलं ते असं:

"पुठ्ठ्यात घालून ने. कोपरे दुमडतील."

लेकीने मागे वळून पाहिलं. तिने पुठ्ठे मागितले नाहीत. पान तसंच उघडं, छातीशी धरलं.

"तीस वर्षं मीच सांभाळलंय, बाबा," ती म्हणाली. "तुमच्यापासून लांब ठेवलं, म्हणून नाही दुमडलं."

ती जिना उतरली. खालच्या दाराचा आवाज येईपर्यंत मोजणीदार उभा होता. मग तो खोलीकडे गेला, दाराबाहेर हात धुतले, एका टॉवेलला पुसले, दुसऱ्याला पुसले, आणि दोन्ही टॉवेल तिच्या हातांनी आधीच ओले झालेले आहेत हे त्याला कळलं.